आजीचं गाव, नातीचा संघ

कॅनडात वेस्टर्न हॉकी लीग नावाची मुलांची आइस हॉकी स्पर्धा चालते. तिच्या वेळापत्रकात दर मोसमात काही वेळा येणारा एक सामना शब्दांच्या नादी लागलेल्या माणसाला सोडवत नाही: रिजायना पॅट्स विरुद्ध प्रिन्स अल्बर्ट रेडर्स. दोन्ही गावं सस्कॅचवान प्रांतातली. रिजायना हे नाव राणी व्हिक्टोरियाचं आणि प्रिन्स अल्बर्ट हा तिचा नवरा. म्हणजे हिवाळाभर या नवरा-बायकोची गावं एकमेकांवर गोल चढवत असतात. भरीला त्याच लीगमध्ये ब्रिटिश कोलंबियातला व्हिक्टोरिया रॉयल्स हा संघ आहे. एडमंटनसारख्या गावांचे संघ येतात त्या अल्बर्टा प्रांताला नाव मिळालं ते व्हिक्टोरियाची मुलगी लुईज कॅरोलिन अल्बर्टा हिच्यावरून. आणि 'पॅट्स'मधली पॅट? ती व्हिक्टोरियाची नात. हा गुणतक्ता आहे की वंशावळ, असा प्रश्न पडावा.

गावापासून सुरुवात करू. रिजायनाचं बारसं १८८२ साली झालं. कॅनेडियन पॅसिफिक रेल्वे माळरान कापत पश्चिमेकडे निघाली होती आणि तिच्या वाटेवर प्रदेशाची नवी राजधानी वसवायची होती. गव्हर्नर जनरलची पत्नी राजकन्या लुईज हिने आपल्या आईचं पद नाव म्हणून सुचवलं. रेजिना, लॅटिनमध्ये राणी. इंग्रजी जिभेने त्याचं 'रिजायना' केलं. त्याआधीही त्या जागेला नाव होतंच. क्री लोक तिला 'ओस्काना का-असास्तेकी' म्हणत, हाडं रचून ठेवली आहेत ती जागा. गव्यांच्या शिकारीनंतर उरलेली हाडं तिथे ढिगाने असत. गोऱ्या वसाहतवाल्यांनी त्याचं सरळ 'हाडांचा ढीग' असं इंग्रजी केलं. मग राजधानीला हे नाव शोभत नाही म्हणून ते टाकलं. गावातल्या ओढ्याला मात्र 'वास्काना' हे नाव राहिलं. तो 'ओस्काना'चाच इंग्रजी कानांनी ऐकलेला अवतार.

इथे हौशी व्युत्पत्तिकाराचा पाय घसरू शकतो. क्री भाषेत हाड म्हणजे 'ओस्कन', लॅटिनमध्ये 'ओस', संस्कृतात 'अस्थि'. केवढं साम्य! पण ते निव्वळ योगायोगाचं. लॅटिन आणि संस्कृत एका कुळातल्या, तर क्री अल्गोंक्वियन कुळातली, तिचा या दोघींशी काही संबंध नाही. खरं नातं आहे ते चेहरा फारसा न जुळणाऱ्या जोडीत. रेजिना आणि राणी. लॅटिन 'रेक्स' म्हणजे राजा, त्याची 'रेजिना'. संस्कृत 'राजन्', त्याची 'राज्ञी', आणि तीच प्राकृतातून झिजत आलेली आपली राणी. पोर्तुगिजांनी 'रेजिना' झिजवून 'राइन्या' केलं. गोव्यात आणि वसईकडे रेजिना हे बाईचं नाव म्हणून आहेच. म्हणजे रिजायनाला मराठीत 'राणीचं गाव' म्हणायला हरकत नाही, भाषांतर म्हणून नव्हे, भाऊबंदकीच्या हक्काने.

आता पॅट्स. १९१७ साली गावात मुलांचा हॉकी संघ उभा राहिला, त्याचं नाव रिजायना पॅट्रिशिया हॉकी क्लब. एकाच गावात, त्याच नावाने टिकलेला जगातला सर्वांत जुना मेजर ज्युनियर, म्हणजे कुमारांच्या वरच्या पातळीवरचा, संघ म्हणून तो ओळखला जातो. बर्फावर एकमेकांना लाकडी कठड्यावर आपटणाऱ्या पोरांच्या संघाला मुलीचं नाव का? तर ती मुलगी त्या वेळी कॅनडाभर माहीत होती. राजकन्या पॅट्रिशिया ऑफ कॉनॉट. तिचे वडील, व्हिक्टोरियाचे तिसरे चिरंजीव ड्यूक ऑफ कॉनॉट, १९११ ते १९१६ कॅनडाचे गव्हर्नर जनरल होते. दिल्लीतल्या कॉनॉट प्लेसचे कॉनॉट ते हेच. मूळ शब्द आयर्लंडमधल्या एका प्रांताचा. आणखी जवळचा धागा म्हणजे हे ड्यूक १८८६ ते १८९० या काळात मुंबई लष्कराचे सरसेनापती होते. त्यामुळे तान्ह्या पॅट्रिशियाची सुमारे दोन वर्षं हिंदुस्थानात गेली.

तिचा जन्म १७ मार्च १८८६ चा, म्हणजे संत पॅट्रिकच्या सणाचा. म्हणून नावात पॅट्रिशिया. घरचे तिला 'पॅट्सी' म्हणत. नावाचं मूळ लॅटिन 'पॅट्रिशियस', रोमच्या वडीलधाऱ्या घराण्यांतला, कुलीन. सिनेटमधल्या थोरांना रोमन लोक 'पात्रेस' म्हणत, पितर. पातेर आणि पितृ हे सख्खे भाऊ आहेत हे सांगायला भाषाशास्त्री लागत नाही. तेव्हा 'रिजायना पॅट्स' या दोन शब्दांत राणी आणि पितर शेजारी शेजारी बसले आहेत. आणि गंमत बघा, अमेरिकी फुटबॉलमधल्या न्यू इंग्लंड पेट्रियट्स या संघालाही त्याचे चाहते 'पॅट्स'च म्हणतात. तो शब्द वेगळा, 'पेट्रियट' म्हणजे देशभक्त. पण देश म्हणजे पितृभूमी, म्हणजे पुन्हा तोच पातेर. दोन वेगळे शब्द लांबून चालत आले, आखूड झाले, आणि एकसारखे दिसू लागले. त्यांचं आडनाव आधीपासून एकच होतं, हे मात्र स्टेडियममध्ये बसलेल्या कोणाच्या ध्यानीमनी नसणार. अमेरिकी बोलीत 'पॅट्सी' म्हणजे सहज गंडवता येणारा भोळसट. संघाचं नाव 'पॅट्स'वर थांबलं, 'पॅट्सीज'पर्यंत गेलं नाही, हे नशीबच म्हणायचं.

पण गावातल्या हॉकीवाल्यांच्या डोळ्यांसमोर नुसती राजकन्या नव्हती, तिच्या नावाची पलटणही होती. ऑगस्ट १९१४ मध्ये महायुद्ध पेटलं तेव्हा मॉन्ट्रियलचा धनिक हॅमिल्टन गॉल्ट याने स्वतःचे एक लाख डॉलर घालून पायदळाची रेजिमेंट उभी करायचा प्रस्ताव मांडला. गव्हर्नर जनरलचे लष्करी सचिव फार्कर यांनी नाव सुचवलं: प्रिन्सेस पॅट्रिशियाज कॅनेडियन लाइट इन्फंट्री. एवढं लांबलचक नाव खंदकात कोण घेणार? शिपाई स्वतःला 'पॅट्रिशियाज' म्हणू लागले, लोक त्यांना 'प्रिन्सेस पॅट्स' म्हणू लागले. कॅनडाचं पहिलं लढाऊ पायदळ म्हणून ते १९१४ च्या अखेरीस फ्रान्सला पोचले आणि मे १९१५ मध्ये बेल्जियममधल्या फ्रेझेनबर्गच्या टेकडीवर त्यांची भयंकर कत्तल झाली. नाव गाजलं ते अशा मोलाने. राजकन्येने स्वतःच्या हाताने भरतकाम करून दिलेलं निशाण पलटण सोबत नेत असे. त्याला शिपायांनी 'रिक-अ-डॅम-डू' असं विचित्र नाव ठेवलं. 'तुझ्या आईचं फडकं' अशा अर्थाच्या गेलिक शब्दांवरून ते आलं अशी परंपरागत समजूत आहे. मला ती पटत नाही. निशाण बाईने शिवलं, म्हणून शब्दात आई शोधली, असा सगळा मामला दिसतो. पलटणीच्या गाण्यातून पुढे ते मुलांच्या शिबिरगीतात गेलं आणि तिथे त्याचं 'रिग-अ-बॅम्बू' झालं. तिथे तर बांबूच आला. आता त्या शब्दाला कोणती आई विचारायची?

१९१७ हे वर्षही पाहण्यासारखं आहे. त्याच वर्षी कॅनडा सरकारने एक डॉलरची नवी नोट काढली, तिच्यावर राजकन्या पॅट्रिशियाचं चित्र आणि तारीख १७ मार्च १९१७, तिचा वाढदिवस. म्हणजे संघाचं नाव ठेवणाऱ्यांच्या देशात तिचा चेहरा नोटेवर फिरत होता आणि तिचं नाव युद्धाच्या बातम्यांत रोज छापून येत होतं. त्याच वर्षी सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा झाला, वीस ते पंचेचाळीस वयाच्या पुरुषांसाठी. ज्युनियर हॉकीची वरची मर्यादाही विशीचीच. भरतीची रेषा जिथे सुरू होते तिथे हा खेळ संपतो, म्हणून मोठे आघाडीवर आणि पोरं बर्फावर अशी वाटणी झाली.

'ज्युनियर' म्हटलं की मराठी माणसाला वकिलाचा ज्युनियर आठवतो, नाहीतर अकरावी-बारावी. लॅटिनमध्ये 'युनियर' हे 'युवेनिस'चं तरतमरूप, दोघांतला अधिक तरुण. आपला 'युवन्' त्याचा जवळचा नातेवाईक. संस्कृतात त्याच अर्थी 'यवीयस्' आहे, पण मराठीने ते घेतलं नाही, धाकटा हा शब्द आपल्याला पुरला.

या मुलांच्या बोलीत युद्धाचा मुलामा मात्र अजून आहे. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला संघ निवडतो त्याला 'ड्राफ्ट' म्हणतात. मूळ शब्द ओढण्याचा, आणि लष्करात ड्राफ्ट म्हणजे कुमक म्हणून ओढून काढलेली तुकडी. त्याहून मला आवडतो तो 'बिलेट'. घरापासून शेकडो मैलांवर खेळायला आलेली मुलं गावातल्या एखाद्या कुटुंबात राहतात, जेवतात, शाळेत जातात. त्या कुटुंबाला 'बिलेट' म्हणतात, तिथल्या बाईला 'बिलेट मॉम'. जुन्या फ्रेंचमध्ये हा शब्द चिठ्ठीचा होता. कूच करणाऱ्या शिपायाच्या हातात अधिकारी चिठ्ठी देई, अमक्या घरी याची सोय करा. चिठ्ठीवरून अर्थ घरावर गेला आणि घरावरून घरच्या बाईवर. पुण्यात गरीब विद्यार्थी वार लावून जेवत तसाच हा प्रकार, फक्त इथे सातही वार एकाच घरी आणि ताटात भरपूर मांस.

युद्ध संपलं आणि १९१९ मध्ये ज्युनियर हॉकीचा राष्ट्रीय चषक ठरला, मेमोरियल कप. ऑन्टॅरिओच्या कॅप्टन जेम्स सदरलँड यांची ही कल्पना, युद्धात पडलेल्या खेळाडूंच्या स्मरणार्थ. लॅटिन 'मेमोर' आणि आपलं 'स्मर' यांचं मूळ एकच मानलं जातं, तेव्हा 'स्मृतिचषक' म्हटलं तर घरचाच शब्द. पहिल्याच वर्षी रिजायनाचे पॅट्रिशियाज अंतिम फेरीत पोचले आणि टोरोंटो विद्यापीठाच्या शाळेने त्यांना १४-३ आणि १५-५ असं धुतलं. पलटणीचं नाव लावून उतरलेल्या पोरांचं पहिलंच मोठं रण असं. १९२५ मध्ये त्यांनी तो कप जिंकला. १९२८ मध्ये कप पुन्हा रिजायनात आला, पण गावातल्याच दुसऱ्या संघाने आणला. त्याचं नाव मोनार्क्स, म्हणजे एकछत्री राजे. मग दोन्ही संघ एक झाले आणि नाव राहिलं पॅट्स. राजे गेले, राजकन्या उरली. १९३० मध्ये तिने आणखी एकदा कप घेतला.

खऱ्या पॅट्रिशियाने मात्र १९१९ मध्येच पद सोडून दिलं. नौदलातल्या अलेक्झांडर रॅमसे याच्याशी लग्न करताना तिने राजकन्येचा किताब ठेवला नाही, लेडी पॅट्रिशिया रॅमसे झाली. राजकन्या सरली, तरी तिच्या नावाची पलटण आणि संघ 'प्रिन्सेस' आणि 'पॅट्स' लावत राहिले. रेजिमेंटचं मानद प्रमुखपद तिने अखेरपर्यंत सांभाळलं. १२ जानेवारी १९७४ ला ती गेली. त्याच वर्षी मे महिन्यात कॅल्गरीत पॅट्सने क्विबेकच्या रामपार संघाला हरवून मेमोरियल कप जिंकला, तब्बल ४४ वर्षांनी. प्रशिक्षक बॉब टर्नर गावचाच आणि जुना पॅट. रामपार म्हणजे तटबंदी. क्विबेकच्या जुन्या शहराभोवतीचा तट अजून उभा आहे, त्यावरून ते नाव. राजकन्येच्या पोरांनी तट पाडला, असं कुणा बखरकाराने नक्की लिहिलं असतं.

इकडे पॅट्रिशियाच्या जागी रेजिमेंटला नवी मानद प्रमुख हवी होती. जी मिळाली तिचंही नाव पॅट्रिशिया, आधीच्या पॅट्रिशियाची धर्मकन्या, लॉर्ड माउंटबॅटन यांची थोरली मुलगी. तिचं सासर ब्रेबर्न घराण्याचं. तिचे सासरे मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते, मुंबईच्या ब्रेबर्न स्टेडियमला त्यांचंच नाव. २००७ मध्ये तिच्यानंतर एड्रियन क्लार्कसन आल्या, कॅनडाच्या माजी गव्हर्नर जनरल, हाँगकाँगहून निर्वासित म्हणून आलेल्या. पॅट्रिशिया नावाची परंपरा तिथे तुटली, पण रेजिमेंटच्या नावाला धक्का लागला नाही.

आजच्या प्रेक्षकाला 'पॅट्स' ऐकून राजकन्या आठवत नाही, पलटण आठवली तर आठवते. त्याला आठवतो कॉनर बेडार्ड. २०२० च्या निवडीत पॅट्सने त्याला पहिल्याच क्रमांकावर घेतलं. पंधराव्या वर्षी पूर्ण मोसम खेळायची खास परवानगी मिळालेला या लीगमधला तो पहिला मुलगा. २०२२-२३ मध्ये त्याने ५७ सामन्यांत ७१ गोल केले आणि आणखी ७२ गोलांना हातभार लावला. शिकागोच्या व्यावसायिक संघाने त्याला उचलल्यावर तो 'फॉर्मर पॅट' झाला. इंग्रजीतला अनेकवचनाचा 'स' गळला की उरतं ते पुन्हा मुलीचं नाव, आणि ते या दांडगट पोरांना गेली शंभर वर्षं खुशाल चिकटलेलं आहे.