नाबोथाचा मळा

बायबलात आज्ञापालनाला मोठे मोल आहे. पण आज्ञा कोणाची? इ. स. पू. ८५३ मध्ये कर्कारच्या लढाईत इस्राएलचा राजा अहाब याचे २,००० रथ होते, असे अश्शूरचा शिलालेख सांगतो. बायबल म्हणते, याच राजाला इज्रेलच्या नाबोथाचा द्राक्षमळा हवा झाला. वडिलार्जित जमीन देणे देवाला मान्य नाही, म्हणून नाबोथाने नकार दिला. राणी ईजबेलने राजमुद्रेची पत्रे धाडली. गावच्या वडीलधाऱ्यांनी मुकाट्याने हुकूम पाळला. दोन खोटे साक्षीदार उभे राहिले, नाबोथ दगडांखाली मेला. एलीयाने खुनाचा जाब थेट राजाला विचारला. श्रोतेहो, संघटनेच्या कामात मला मात्र ते वडीलधारे आठवतात. त्यांच्या आज्ञाधारकपणावाचून राजाला तो मळा मिळाला नसता.