अपुऱ्या सेतूचा वारसा

शिवाजी महाराज आणि संभाजीराजे यांच्या नात्यातील ताण आपल्या कादंबऱ्यांनी व नाटकांनी बहुधा गडांवर आणि दरबारात शोधला. आम्हांस तो मुरूडच्या किनाऱ्यावर अधिक नेमका दिसतो.

समोरचा जंजिरा महाराजांना अखेरपर्यंत मिळाला नाही. त्याला शह म्हणून त्यांनी कासा बेटावर पद्मदुर्ग उभारला. डिसेंबर १६७८ मध्ये संभाजीराजे दिलेरखानास जाऊन मिळाले आणि वर्षभराने परतले. जानेवारी १६८० मध्ये पन्हाळ्यावर झालेली पितापुत्रांची भेट अखेरचीच ठरली. ३ एप्रिलला महाराज रायगडावर निवर्तले, तेव्हा संभाजीराजे पन्हाळ्यावरच होते.

१६८२ च्या आरंभी तेच जंजिऱ्यासमोर उभे ठाकले. तोफांनी काम होईना, तेव्हा भर समुद्रात भराव घालून सेतू बांधण्याचा उद्योग त्यांनी आरंभला. मोगल फौज कल्याणकडे उतरल्याने तो अर्धाच राहिला. सिद्दींचे संस्थान १९४८ पर्यंत टिकले.

या सेतूला पश्चात्ताप म्हणण्याचा मोह आवरावा; सिद्दीचा उपद्रव हे कारण पुरेसे होते. मात्र पित्याने जिंकलेले तेवढेच पुत्राच्या वाट्याला येत नाही, त्याचे अपुरे राहिलेलेही येते. आणि संभाजीराजांनी ते नाकारले नाही.