सून, स्नुषा आणि स्लाव्हांची स्नुखा

मोबाइलवर एक संदेश सारखा फिरत असतो: रशियन भाषा संस्कृतातून निघाली. पुरावा म्हणून सुनेसाठीचा रशियन शब्द दिलेला असतो, ‘स्नोखा’. संस्कृत ‘स्नुषा’, रशियन ‘स्नोखा’. झालं, निकाल लागला!

साम्य खरंच आहे. फौजेत रशियन शिकताना हा शब्द भेटला तेव्हा मीही चमकलो होतो. आपली ‘सून’ या स्नुषेचीच. ‘सूनु’ म्हणजे मुलगा, त्यावरून ती आलेली नाही. पंजाबी ‘नूंह’ आणि काश्मिरी ‘नोश’ याच घरातल्या. पण दोघी सारख्या दिसल्या म्हणून त्या मायलेकीच असतील असं नाही. बहिणीही सारख्या दिसतात.

रशियन, सर्बियन, बल्गेरियन वेगळ्या होण्याआधीच्या त्यांच्या समाईक बोलीला आद्य-स्लाव्ह म्हणतात. तिची एक ओळही लिहिलेली नाही. सिरिल आणि मेथोडियस हे बंधू ८६३ च्या सुमारास मोराव्हियात गेले, तेव्हा कुठे स्लाव्हांना लिपी मिळाली. म्हणून आजच्या लेकींवरून मागे जात शब्द जुळवायचा आणि पुढे तारका काढायची: *स्नुखा. यातला ‘उ’ अगदी ओझरता, आणि ‘ख’ उर्दूतल्या ‘ख़बर’सारखा घशातला. र, उ, क, इ यांच्यानंतरच्या ‘स’चा संस्कृतात ‘ष’ झाला, स्लाव्हमध्ये हा ‘ख़’.

आता विभक्ती. चतुर्थीत *स्नुसे, पुढच्या ‘ए’मुळे ‘ख’चा ‘स’ होतो. सप्तमीचं अनेकवचन *स्नुखाखु. शाळेत ‘लतासु’ घोकलेल्यांना इथे ‘स्नुषासु’ ऐकू येईल. गंमत म्हणजे या शेवटच्या ‘खु’ला काही कारण नव्हतं, आधी ‘आ’ आहे; तो इतर नामांच्या रूपांकडून उसना आणलेला.

खरी मेख आहे कर्त्याच्या ‘आ’मध्ये. जुन्या ग्रीकमध्ये सुनेला ‘नुओस’ म्हणत, लॅटिनमध्ये ‘नुरुस’. शब्द स्त्रीलिंगी, पण शेवट पुरुषी वळणाचा. आर्मेनियन ‘नु’ची षष्ठीही त्याच बाजूने साक्ष देते. सून बाईमाणूस, म्हणून तिच्या नावाला ‘आ’ जोडावा हे कुणालाही सुचेल. असलेला ‘आ’ काढून बाईला पुरुषी प्रत्यय कोण लावील? तेव्हा मूळ रूप *स्नुसोस, आणि ‘आ’ नंतरचा. म्हणजे या बाबतीत संस्कृतनेही जुनं रूप बदललेलं आहे, स्लाव्हनेही. जुना शेवट सांभाळला तो ग्रीकने. मग रशियन शब्द संस्कृतातून आला कसा म्हणायचा? दोघींचं माहेर एक, एवढंच यातून निघतं. आणि तेही काही कमी नाही.

पोलिश लोकांनी तर हा शब्द टाकूनच दिला. त्यांच्याकडे मुलगा ‘सिन’ आणि सून ‘सिनोवा’. मुलावरून सून, ही व्युत्पत्ती आपण मराठीत चुकून सांगतो. पोलिशमध्ये ती खरी आहे.