टोपीचे माप आणि पेशीतील भंगार

इंग्लंडमधील एका गृहस्थाच्या टोपीची मापे वैद्यकाच्या इतिहासात नोंदली गेली आहेत. १८४४ साली त्याच्या लष्करी टोपीचा घेर साडेबावीस इंच होता. १८७६ साली, मृत्यूच्या सुमारास, त्याला सव्वासत्तावीस इंचांची टोपी लागत होती. डोक्याचे हाड वाढत गेले होते. मांडीची व नडगीची हाडे वाकली, पाठीला बाक आला, उंची घटली. लंडनचे नामवंत शल्यविशारद सर जेम्स पॅजेट यांनी या रुग्णाकडे वीस वर्षे लक्ष ठेवले आणि त्याच्या मृत्यूनंतर, १८७६च्या नोव्हेंबरात, त्यावर निबंध वाचला. हा हाडाचा जुनाट दाह असावा असे त्यांना वाटले. ते बरोबर नव्हते. पण निरीक्षण इतके नेटके होते की हा विकार आजही पॅजेटच्याच नावाने ओळखला जातो.

शाळेतला सापळा पाहून हाड म्हणजे कोरडी, निर्जीव वस्तू असा मुलांचा समज होतो. जिवंत हाडात मात्र मोडतोड आणि डागडुजी सतत चालू असते. ऑस्टिओक्लास्ट पेशी जुने हाड विरघळवतात, ऑस्टिओब्लास्ट पेशी त्या जागी नवे रचतात. पॅजेटच्या विकारात पोखरण्याचे काम बेसुमार वाढते आणि मागून भरणी घाईघाईने, कशीतरी होते. म्हणून हाड जाड, पण ठिसूळ.

हे असे का व्हावे, याचा धागा हाडांशी काहीच संबंध नसलेल्या संशोधनात सापडायचा होता. बेल्जियममधील क्रिस्तियाँ द दूव यांनी १९५५ साली लयकारिकांचा शोध जाहीर केला. वर्गात आपण त्यांना 'आत्मघाती पिशव्या' म्हणून मोकळे होतो. हे नाव लक्षात राहते, पण त्यांच्या रोजच्या कामावर अन्याय करते. पेशी आपलेच निकामी भाग एका पटलात गुंडाळून लयकारिकांकडे पाठवते आणि तेथे सुटणारा माल पुन्हा वापरते. १९६३ साली द दूव यांनी या क्रियेला 'ऑटोफॅजी', म्हणजे स्वभक्षण, असे नाव दिले. जपानच्या योशिनोरी ओसुमी यांनी १९९०च्या दशकाच्या आरंभी यीस्टला उपाशी ठेवून ही क्रिया सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली व तिची जनुके शोधली. त्यासाठी त्यांना २०१६चे नोबेल पारितोषिक मिळाले.

कॅनडातील क्वेबेक प्रांतात पॅजेटचा विकार असलेल्या फ्रेंच वंशाच्या कुटुंबांचा अभ्यास चालू होता. २००२ साली तेथील संशोधकांना २४ पैकी ११ कुटुंबांत एकाच प्रथिनातला एकच बदल आढळला: पी-६२ या प्रथिनाच्या साखळीत ३९२व्या जागी प्रोलिनऐवजी ल्युसिन. हे प्रथिन भंगार वेचण्याचे काम करते, हे त्यानंतर, २००५पासून, नॉर्वेतील प्रयोगांतून स्पष्ट होत गेले. टाकाऊ प्रथिनांवर पेशी युबिक्विटिनची चिठ्ठी डकवते. पी-६२ एका टोकाने ती चिठ्ठी पकडते आणि दुसऱ्या भागाने गुंडाळणाऱ्या पटलाला धरते. ३९२वी जागा नेमकी चिठ्ठी पकडणाऱ्या टोकात येते!

एवढ्यावर सगळे उलगडले असे नाही. ऑस्टिओक्लास्टला 'कामाला लाग' म्हणणाऱ्या संदेशवहनातही पी-६२चा हात असतो. तेव्हा बिघाडाचा किती वाटा भंगारवाटपाचा आणि किती संदेशाचा, हा वाद चालूच आहे.

ऑटोफॅजी म्हणजे हाडांना हितकारकच, असेही समजू नये. हाडात गाडल्या गेलेल्या ऑस्टिओसाइट पेशींतील ही क्रिया २०१३ साली उंदरांत बंद पाडली, तेव्हा तरुण उंदरांची हाडे म्हाताऱ्यांसारखी विरळ झाली. याउलट २०११च्या एका प्रयोगात दिसले, की ऑस्टिओक्लास्ट हीच यंत्रणा हाड पोखरणारे पाचकरस बाहेर सोडण्यासाठी वापरते. तिच्यातील प्रथिने काढली तर पोखरणे मंदावते. नोबेलनंतर उपवासाचे गोडवे गाणारे लेख पुष्कळ आले. उपवास जरूर करावा, पण हाडांच्या नावावर नको. तिथे एकच यंत्रणा एका पेशीत बांधणाऱ्याच्या बाजूने असते, तर शेजारच्या पेशीत पोखरणाऱ्याच्या.