मेरी मॅलन : परक्या मुलखातल्या चुलीची गोष्ट

आपल्या गटांतल्या कितीतरी जणी शाळेत खिचडी शिजवतात, कुणी बारशा-लग्नाच्या ऑर्डरी घेतात, कुणी जत्रेत भजी-वड्याचा गाडा लावतात. म्हणून आज आम्ही एका स्वयंपाकिणीची गोष्ट घेऊन आलोय. गोष्ट अमेरिकेतली, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची, आणि खरी आहे.

तिचं नाव मेरी मॅलन. जन्म १८६९ चा, आयर्लंडमधल्या एका गरीब गावातला. वयाच्या चौदा-पंधराव्या वर्षी, १८८३-८४ च्या सुमाराला, ती बोटीने अमेरिकेत गेली. त्या काळी आयर्लंडमधून हजारो पोरी अशाच जायच्या, श्रीमंतांच्या घरी धुणीभांडी, स्वयंपाक करायला. जाताजाता सांगतो, आपल्या आनंदीबाई जोशी १८८३ च्या जूनमध्येच न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरल्या होत्या. त्या डॉक्टर व्हायला गेल्या, मेरी पोटाला गेली. दोघी आपापलं घर सोडून गेलेल्या कोवळ्या पोरीच.

मेरीच्या हाताला चव होती. कामवालीची स्वयंपाकीण झाली, चांगला पगार मिळू लागला. १९०६ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कजवळच्या ऑयस्टर बे गावात एका बँकवाल्याने भाड्याने बंगला घेतला आणि मेरीला स्वयंपाकाला ठेवलं. घरात नोकरांसह ११ माणसं. त्यातली ६ टायफॉईडने अंथरुणाला खिळली. आपल्याकडची जुनी माणसं याला मुदतीचा ताप म्हणायची. तेव्हा त्यावर आजच्यासारख्या गोळ्या नव्हत्या. ताप आला की नशिबावर हवाला.

घरमालकाला धास्ती पडली, आता हा बंगला भाड्याने घेणार कोण? त्याने जॉर्ज सोपर नावाच्या स्वच्छता इंजिनिअरला शोध घ्यायला बोलावलं. पहिला संशय कुणावर गेला असेल? किनाऱ्यावर तंबूत राहून शिंपल्या विकणाऱ्या एका आदिवासी बाईवर. पण तिच्या शिंपल्या तर सगळं गाव खात होतं, मग आजार याच घरात कसा? मग विहीर तपासली. संडासात रंग टाकला आणि विहिरीच्या पाण्याला तो रंग येतो का ते पाहिलं. नाही आला. (ही युक्ती आम्हाला फार आवडली. आपल्याकडे किती विहिरींच्या शेजारी शोषखड्डे आहेत!)

शेवटी सोपरला कळलं की आजार सुरू होण्याच्या थोडंच आधी नवी स्वयंपाकीण आली होती, आणि नंतर लवकरच निघूनही गेली. त्याने तिच्या जुन्या नोकऱ्या खणून काढल्या. आठ घरं सापडली, त्यातल्या सात घरांत टायफॉईड झालेला. रोगी २२. मेरी मात्र धडधाकट.

आता तुम्ही विचाराल, चुलीवर उकळलेल्या अन्नातून रोग कसा जाईल? तेच तर. शिजताना जंतू मरतात. पण मेरीची खासियत होती आइस्क्रीम, ताजी पीच फळं हाताने चिरून घातलेलं. ते विस्तवाला लागतच नाही. काही माणसांना टायफॉईड इतका हलका होऊन जातो की त्यांना कळतही नाही, पण जंतू पित्ताशयात घर करून राहतात आणि संडासावाटे वर्षानुवर्षं बाहेर पडत राहतात. तिथून हाताला, हातातून चिरलेल्या फळाला, कोशिंबिरीला, चटणीला. अशा माणसाला रोगवाहक म्हणतात. ही गोष्ट तेव्हा डॉक्टरांनाही नवी होती, मग मेरीला कुठून कळणार?

१९०७ मध्ये सोपर थेट तिच्या स्वयंपाकघरात गेला आणि म्हणाला, तुझं रक्त आणि शी-लघवी तपासायला दे. विचार करा, अनोळखी पुरुष कामाच्या जागी येऊन असं बोलला तर आपण काय करू? मेरीने मांस कापायचा मोठा काटा उचलला आणि त्याला पळवून लावलं. मग आरोग्य खात्याने जोसेफिन बेकर नावाच्या डॉक्टरीणबाईंना पाठवलं. बेकरबाईंचे स्वतःचे वडील टायफॉईडने गेले होते. मेरी लपून बसली, पोलिसांनी काही तास शोधल्यावर सापडली. तपासणीत जंतू निघाले, आणि तिला नदीतल्या नॉर्थ ब्रदर बेटावर, दवाखान्याच्या आवारातल्या एका खोपटात एकटीला ठेवलं. खटला नाही, गुन्हा नाही. १९०९ मध्ये ती कोर्टात गेली, तिथेही हरली.

१९१० मध्ये नव्या अधिकाऱ्याने तिला सोडलं, अट घातली, पुन्हा स्वयंपाक करायचा नाही. तिला धोब्याचं काम लावून दिलं. त्यात मिळकत कमी, मेहनत जास्त. काही काळ तिने केलं. मग नाव बदलून, मिसेस ब्राउन म्हणून, ती परत चुलीपुढे उभी राहिली. १९१५ मध्ये बायकांच्या एका दवाखान्यात टायफॉईडची साथ आली. २५ जण आजारी पडले, दोघं दगावली. स्वयंपाकघरात मेरी होती.

इथे आमच्या गटात जोरदार वाद झाला. कुणी म्हणालं, दिलेला शब्द मोडला, बाळंतिणींच्या दवाखान्यात जाऊन शिजवलं, तिची गय कशाला करायची? आम्हालाही ते पटतं. त्या दोन जिवांचा हिशेब मेरीकडेच जातो. पण दुसरी बाजूही ऐका. १९२४ मध्ये न्यूयॉर्कमध्येच एक बेकरीवाला असाच रोगवाहक निघाला, मनाई असताना अन्न हाताळताना सापडला. न्यायाधीशाने त्याला समज देऊन सोडलं. मेरी मरेपर्यंत त्या शहरात असे चारशेच्या वर रोगवाहक सापडले होते. तिच्यासारखं जन्मभर कुणालाच डांबलं नाही. ती परदेशी, एकटी, गरीब, वर तोंडाची फटकळ. तिला १९१५ नंतर बेटावरून सोडलं नाही. १९३८ मध्ये तिथेच ती वारली. दोन्ही वेळचं मिळून सव्वीसेक वर्षं.

ही गोष्ट आम्हाला आठवायला कारण घडलं. मध्यंतरी एका शाळेत मुलांना उलट्या-जुलाब झाले. तासाभरात गाव खिचडी शिजवणाऱ्या ताईंच्या दारात. त्यांची जात काढली, हात काढले. पुढे पाहिलं तर पाण्याच्या टाकीला झाकणच नव्हतं, आत पाखरू मरून पडलेलं. त्या ताईंची माफी कुणी मागितली नाही. आम्ही त्या दिवशी त्यांच्या ओट्यावर नुसत्या बसून राहिलो.

मग गटाच्या बैठकीत आम्ही विषय मांडला. संडासाहून आल्यावर आणि कांदा-कोथिंबीर चिरण्याआधी साबणाने हात, यावर सगळ्यांचं एकमत, साबण गटाच्या खर्चाने. वरून टाकायची कोशिंबीर उन्हाळ्या-पावसाळ्यात बंद. वर्षातून एकदा शिजवणाऱ्या सगळ्यांची दवाखान्यात तपासणी, एकट्या-दुकट्या बाईची नाही. आणि ताप किंवा जुलाब असतील त्या दिवशी पातेल्याला हात लावायचा नाही, पण त्या दिवसाची मजुरीही कापायची नाही. या शेवटच्या मुद्द्यावर खजिनदार बाई अडल्या. पैसा कुठून आणायचा म्हणाल्या. त्यांचंही खरं आहे. पण मजुरी बुडते म्हणूनच बाई आजार लपवते, हे त्याच बैठकीत तिघींनी स्वतःहून कबूल केलं. शेवटी दरमहा प्रत्येकीने पाच रुपये वेगळे ठेवायचे ठरलं. सध्या डब्यात तीनशे दहा रुपये जमलेत, आणि गेल्या आठवड्यात एकीने पहिल्यांदाच सकाळी फोन करून सांगितलं, आज माझं पोट बरं नाही, दुसरीला पाठवा.