रिमोटचा जागल्या

'बंद' या साध्या शब्दाचा अर्थ माझ्या हयातीत बदलला. आमच्या लहानपणी रेडिओचे बटण उलटे फिरवले की 'खट्' असा आवाज व्हायचा, आतला दिवा विझायचा आणि रेडिओ खरोखरच बंद व्हायचा. वीज तुटली, विषय संपला! आज मात्र टीव्ही 'बंद' केला तरी त्याच्या कोपऱ्यात एक लाल ठिपका रात्रभर तेवत असतो. म्हणजे तो बंद नसतो, आपल्या हुकमाची वाट पाहत असतो. हा ठिपका आपल्या घरात आला कसा, हे शोधायला गेलो आणि एक मजेदार इतिहास हाती लागला. शिक्षकी पेशा अंगात मुरलेला, त्यामुळे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

दुरून यंत्र चालवण्याची कल्पना तशी जुनी. निकोला टेस्ला यांनी १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये एक छोटी नाव पाण्यात सोडली आणि तारेविना, रेडिओ लहरींनी ती हवी तशी वळवून दाखवली. पाहणाऱ्यांना जादूच वाटली असेल! पण हा प्रकार घरातल्या दिवाणखान्यात यायला अर्धे शतक जावे लागले.

दिवाणखान्यात तो आणला अमेरिकेतल्या झेनिथ कंपनीने. कंपनीचे प्रमुख यूजीन मॅक्डोनल्ड यांना टीव्हीवरच्या जाहिरातींचा मनस्वी तिटकारा. बसल्या जागेवरून जाहिरातीचा आवाज बंद करता आला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. १९५० साली कंपनीने पहिला रिमोट काढला आणि त्याचे नाव ठेवले 'लेझी बोन्स', म्हणजे आपल्या भाषेत 'आळशी'! तो टीव्हीला लांब वायरने जोडलेला होता. लोक त्या वायरीला अडखळू लागले.

मग १९५५ साली यूजीन पॉली या अभियंत्याने वायर काढून टाकली. त्यांचा 'फ्लॅशमॅटिक' म्हणजे एक बॅटरीच होती, पिस्तुलासारखी दिसणारी. टीव्हीच्या पडद्याच्या चार कोपऱ्यांत चार प्रकाशग्राही डोळे. ज्या कोपऱ्यावर झोत मारावा ते काम व्हायचे. अडचण एकच. खिडकीतून ऊन आले की टीव्ही आपोआप चॅनेल बदलू लागे. सूर्यनारायणापुढे कुणाचे काय चालणार!

पुढच्याच वर्षी, १९५६ साली, व्हिएन्नात जन्मलेले शास्त्रज्ञ रॉबर्ट ॲडलर यांचा 'स्पेस कमांड' आला. मला सर्वांत आवडलेला भाग हाच. या रिमोटमध्ये सेलच नव्हते! विक्री विभागाचे म्हणणे असे की सेल संपले तर गिऱ्हाईक टीव्हीच बिघडला समजेल. म्हणून ॲडलर यांनी आत ॲल्युमिनियमच्या चार लहान कांड्या बसवल्या. बटण दाबले की छोटी हातोडी कांडीवर टक्कन आपटायची, आणि माणसाला ऐकू न येणारा उंच स्वर निघायचा. चार कांड्यांचे चार स्वर, चार हुकूम. थोडक्यात, जलतरंगच! पण तो सूक्ष्म स्वर ऐकण्यासाठी टीव्हीत आणखी सहा व्हॉल्व्ह घालावे लागले आणि किंमत साधारण ३० टक्क्यांनी वाढली. शिवाय किल्ल्यांचा जुडगा वाजला तरी टीव्हीला कधीकधी हुकूम मिळाल्यासारखे वाटायचे. तरीही ही पद्धत पाव शतक टिकली. १९८०च्या सुमारास तिची जागा अवरक्त किरणांनी घेतली. आपल्या हातातला रिमोट आजही बहुधा तोच. डोळ्यांना न दिसणारा प्रकाश सेकंदाला साधारण ३८ हजार वेळा लुकलुकवून तो आपला हुकूम पाठवतो. असे लुकलुकणे उन्हात नसते, म्हणून पॉलींची अडचणही बरीचशी सुटली.

आता मुद्द्याकडे येतो. दुरून हुकूम द्यायचा तर पलीकडे तो ऐकणारा कुणीतरी जागा हवा. गाव झोपले तरी जागल्या जागा असायचा, तसे. टीव्ही झोपला तरी त्यातला एक लहानसा भाग जागाच राहतो. लाल ठिपका म्हणजे त्या जागल्याचा कंदील.

संगणकातही पुढे हेच झाले. जुन्या संगणकाचे बटण थेट वीज तोडायचे. 'आता संगणक बंद करायला हरकत नाही' अशा अर्थाची नारिंगी अक्षरे पडद्यावर आली की आपण उठून बटण दाबायचो, आठवते? १९९५ साली इंटेलने 'एटीएक्स' नावाची रचना आणली. तेव्हापासून बटण वीज तोडत नाही, संगणकाला नुसती विनंती करते. आत एक जांभळी वायर असते. संगणक बंद असला तरी भिंतीवरचे बटण चालू असेपर्यंत तिच्यात ५ व्होल्ट खेळत असतात. संगणकाचा जागल्या याच वायरीवर पोसला जातो. २००२ साली मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीची 'मीडिया सेंटर' आवृत्ती काढली आणि संगणक रिमोटसकट टीव्हीशेजारी येऊन बसला.

हे सगळे आठवायचे कारण आमची आक्का, माझी थोरली बहीण. अर्धांगवायूनंतर ती आमच्याकडेच असते. पुतण्याने तिच्यासाठी टीव्हीमागे एक लहान संगणक बसवून दिला. जुनी नाटके, कीर्तने, घरातल्या लग्नांच्या चित्रफिती, सगळे त्यात. रिमोट तिच्या चालत्या, डाव्या हातात. पण दिवसा निमूट चालणारा रिमोट सकाळी मात्र हटकून रुसायचा. मग आक्का कुणाला तरी हाक मारायची, आणि काही दिवसांनी हाक मारायचीही बंद झाली. ते मला टोचले.

पुतण्या आला आणि आम्ही ओळीने तपासणी केली. नवे सेल घातले. रिमोटचे टोक मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबले. पडद्यावर जांभळट ठिणगी दिसली. (घरी करून पाहा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश कॅमेऱ्याला दिसतो!) म्हणजे रिमोट धडधाकट. मग लक्षात आले की बिघाड होतो तो रात्रीनंतरच, कारण निजताना आमची सौ. भिंतीवरची सगळी बटणे बंद करते. तिला विचारले तर म्हणाली, "घरातली माणसं झोपल्यावर यंत्रं कशाला जागी हवीत? बिल कोण भरतं?"

ते बटण चालू ठेवले. तरी संगणक पूर्ण बंद केला की रिमोटने उठेना! शेवटी पुतण्याला संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये 'ईआरपी' नावाची एक खूण सुरू असलेली सापडली. तिचाही इतिहास आहे. ॲलन मायर या अमेरिकन संशोधकाने १९९०च्या दशकात दाखवून दिले की ताटकळत बसलेली यंत्रे मिळून बरीच वीज खातात. १९९९ साली आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने, नुसते ताटकळणारे यंत्र १ वॉटच्या वर जाऊ नये, असा कार्यक्रम मांडला. युरोपने २०१० पासून १ वॉटची आणि २०१३ पासून अर्ध्या वॉटची मर्यादा कायद्याने घातली. ती पाळण्यासाठीच ही खूण असते. ती सुरू केली की बंद संगणकाची जवळजवळ सगळी वीज आतून तोडली जाते, आणि रिमोट ऐकणारा जागल्याही झोपी जातो. म्हणजे सौ. भिंतीवर जे करत होती, तेच युरोपचा कायदा संगणकाच्या पोटात करत होता!

हिशेब करून पाहिला. १० वॉट खाणारे जुने यंत्र वर्षभर ताटकळले तर ८७.६ युनिट जातात. अर्ध्या वॉटचे असेल तर ४.३८. सौ.चे म्हणणे खोटे नाही. जागल्यालाही पोट असतेच. पण प्रश्न असा की जागल्या कुणासाठी जागा आहे?

'आळशी' हे नाव ठेवणाऱ्याने धडधाकट माणूस डोळ्यांपुढे ठेवला होता. जिला उठता येत नाही, तिच्या हातात रिमोट म्हणजे काठी आहे. दुसऱ्याला हाक न मारता एक गोष्ट स्वतःच्या मनाने सुरू करता येणे, याची किंमत युनिटमध्ये कशी काढणार?

तेव्हा घरात तह झाला. पुतण्याने ती खूण काढली, आणि वीज जाऊन आली की संगणक आपोआप सुरू व्हावा अशीही सोय करून दिली. आक्काचे एक बटण रात्रंदिवस चालू, त्यावर सौ.ने स्वतः चिकटपट्टी लावली आहे. बाकीची सगळी पूर्वीसारखीच रात्री बंद. तुमच्या घरातही असे लाल ठिपके असतीलच. एका रात्री दिवे मालवून ते मोजा, आणि कुठला कुणासाठी जागा आहे ते पाहा. मग कुठले विझवायचे, ते कुणी सांगावे लागणार नाही.