ओवाळणीचे अकरा हजार

माझं माहेर देवासचं आणि सासर धारचं. दोन्ही गावं पवारांची, आणि दोन्हीकडे घरात मराठी बोलणारी कुटुंबं अजून आहेत. देवासची गंमत अशी, की एकाच गावात दोन संस्थानं होती. तुकोजीराव आणि जिवाजीराव या दोन भावांच्या वंशांत गाव वाटलं गेलं, थोरली पाती आणि धाकटी पाती. रस्त्याच्या अलीकडे एक राजा, पलीकडे दुसरा. आजी म्हणायची, "आमच्या वेळी समोरच्या गल्लीत लेक दिली तरी ती परमुलखात गेली म्हणायचे." आम्ही पोरी हसायचो. एकदा मी विचारलं, "मग सासरी मारहाण झाली तर फिर्याद कुठल्या दरबारात?" आजीनं तांदूळ निवडता निवडता उत्तर दिलं, "फिर्याद कसली? वडीलधारे बसायचे, समजूत घालायचे, नि पाठवून द्यायचे."

म्हणजे दोन दरबारांच्या त्या गावात बाईसाठी तिसराच दरबार होता, आणि त्याचा निकाल आधीच ठरलेला होता: जुळवून घे.

१९४८ साली धार आणि देवासच्या दोन्ही पाती मध्यभारतात विलीन झाल्या, १९५६ साली मध्यप्रदेश झाला. आता माझ्या माहेरचं आणि सासरचं उच्च न्यायालय एकच, इंदूरचं खंडपीठ. त्या तिसऱ्या दरबाराची आठवण मला याच खंडपीठाच्या एका आदेशानं करून दिली.

एप्रिल २०२० मध्ये उज्जैन जिल्ह्यात एका बाईनं तक्रार दिली, की शेजारी रात्री घरात घुसला आणि त्यानं तिचा हात धरला. आरोपीनं जामीन मागितला. ३० जुलैला जामीन मिळाला, पण अट वाचून मी वर्तमानपत्र खाली ठेवलं. ३ ऑगस्टला, राखीपौर्णिमेच्या दिवशी सकाळी अकरा वाजता, त्यानं बायकोला घेऊन त्याच बाईच्या घरी जायचं. राखी आणि मिठाईचा डबा न्यायचा. राखी बांधण्याची तिला विनंती करायची, यापुढे तिचं रक्षण करीन असं वचन द्यायचं. भाऊ देतो तशी ओवाळणी म्हणून अकरा हजार रुपये, आणि तिच्या मुलाला कपडे-मिठाईसाठी पाच हजार. फोटो आणि पावती कोर्टात दाखल करायची.

आदेश काढणाऱ्याच्या मनात वाईट होतं असं मी म्हणत नाही. कदाचित त्यांना वाटलं असेल, आपण किती छान मिटवलं! पण मैत्रिणींनो, त्या बाईच्या उंबऱ्यावर उभ्या राहून बघा. ज्याच्या भीतीनं ती रात्री कडी दोनदा तपासत असेल, तोच दिवसाढवळ्या ताट घेऊन दारात, आणि पाठीशी कोर्टाचा कागद. ती नाही कशी म्हणणार?

हे काही नवीन नाही. आपल्याकडे बाईच्या तक्रारीला नात्यात गुंडाळून परत घरी पाठवायची रीत जुनी आहे, आणि कोर्टही त्या रीतीतून लवकर सुटलं नाही. मुंबईच्या रखमाबाईंचंच बघा. अकराव्या वर्षी लग्न झालं, नांदायला त्या गेल्याच नव्हत्या. १८८४ मध्ये नवरा दादाजी भिकाजी यांनी दावा लावला, की बायकोनं येऊन राहावं. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूनं निकाल दिला. लोकमान्यांसारख्या मोठ्या माणसांनीही त्यावर टीका केली. अपील झालं, आणि १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांचा हुकूम निघाला: महिन्याभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाई म्हणाल्या, मी तुरुंग पत्करीन. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन प्रकरण मिटलं. पुढे त्या विलायतेला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत-राजकोटला त्यांनी वर्षानुवर्षं बायकांचं बाळंतपण केलं. पण प्रश्नाला उत्तर मिळालंच नाही. कायद्यानं त्यांची सुटका केली नाही, ती पैसे मोजून झाली.

दुसरी गोष्ट विदर्भातल्या देसाईगंजची. मार्च १९७२. एक अनाथ आदिवासी मुलगी पोलीस ठाण्यात आणली गेली आणि तिथेच तिच्यावर अत्याचार झाला. सारा देश तो खटला तिच्या नावानं ओळखतो, मी मुद्दाम नाव लिहीत नाही. सत्र न्यायालयानं दोन्ही पोलिसांना सोडलं. नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सोडलं. का? अंगावर जखमा नाहीत, तिनं आरडाओरड केली नाही, म्हणजे तिची संमती असणार. पोलीस ठाण्यात पोलिसासमोर एक पोर कुणाला हाक मारणार होती? १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चौघांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. बायका रस्त्यावर आल्या, मुंबईत, पुण्यात, नागपुरात, दिल्लीत. निकाल बदलला नाही, पण कायदा बदलला. १९८३ च्या दुरुस्तीनं पोलीस कोठडीतला अत्याचार वेगळा आणि गंभीर गुन्हा ठरला. अशा खटल्यात बाई 'माझी संमती नव्हती' म्हणाली, तर कोर्टानं आधी तिचं खरं धरायचं असं ठरलं. पीडितेचं नाव छापायला बंदी आली. त्याच वर्षाच्या शेवटी सासरच्या छळाचं ४९८-अ कलम आलं.

मग २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा, २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू. मला यातली एक गोष्ट फार मोठी वाटते. घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असलं तरी बाईला त्या घरात राहायचा हक्क दिला. 'चालती हो' हे शब्द आता कुणाच्या नुसत्या मर्जीवर राहिले नाहीत.

तरी तडजोडीची सवय गेली नाही. २०१५ मध्ये मध्यप्रदेशातलंच एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. पीडिता लहान मुलगी. न्यायालयानं स्पष्ट सांगितलं, की बलात्काराच्या खटल्यात तडजोडीचा विचार कुठल्याही परिस्थितीत करता येणार नाही. आणि तरी पाच वर्षांनी राखीचा आदेश निघाला! अपर्णा भट आणि आणखी आठ महिला वकील त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १८ मार्च २०२१ ला न्यायमूर्ती खानविलकर आणि न्यायमूर्ती रवींद्र भट यांनी ती अट रद्द केली. त्यांच्या म्हणण्याचा भाव असा, की छेड काढणाऱ्याला कोर्टाच्या हुकमानं भाऊ करून टाकलं, तर गुन्हाच पातळ होतो. आरोपी आणि तक्रारदार बाई यांची भेट घडवणारी अट घालायची नाही. बाईचे कपडे, वागणं, चारित्र्य यावर शेरे मारायचे नाहीत. लग्न करा, मिटवा, असं सुचवायचं नाही. न्यायाधीशांना याचं प्रशिक्षण द्यायचं.

हा निकाल मी दोनदा वाचला, कारण तो मलाही लागू होता.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी आमच्या महिला मंडळातली एक तरुण सून माझ्याकडे आली. गाल सुजला होता. पर्युषण चालू होतं. मी तिला चहा दिला, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "संवत्सरी आलीय, मनातून काढून टाक. क्षमा मोठी गोष्ट असते." दुसऱ्या दिवशी मीच तिला घरी पोचवून आले. संवत्सरीला तिनं हात जोडून सगळ्यांना 'मिच्छामि दुक्कडं' म्हटलं, नवऱ्यालाही. तो 'बरं' म्हणाला. दोन वर्षांनी ती मुलाला घेऊन भावाकडे निघून गेली. तिला आता डाव्या कानानं कमी ऐकू येतं.

'मिच्छामि दुक्कडं' म्हणजे माझं दुष्कृत्य मिथ्या होवो. माझं! चूक ज्याची, त्यानं म्हणायचं वाक्य. मी ते जिला मारलं तिच्या तोंडी घातलं आणि वर धर्माचं नाव दिलं. क्षमा मागणं हे करणाऱ्याचं काम, आणि देणं की न देणं, कधी देणं, हे जिला लागलं तिचं. कोर्टाला ती तारीख ठरवता येत नाही, महिला मंडळालाही नाही. आणि क्षमा केली तरी खटला चालू शकतो, कारण गुन्हा एकीचा घरगुती राग नसतो, तो समाजाविरुद्ध असतो. म्हणून तर फिर्याद सरकारच्या नावानं चालते.

तेव्हा आता कुणी आली तर मी काय करते ते सांगते. आधी ऐकते, मध्ये बोलत नाही. 'तू काय केलंस?' हा प्रश्न गिळते. १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर तिला पाठ करून घ्यायला लावते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे बाईला फुकट वकील मिळतो, तिचं किंवा नवऱ्याचं उत्पन्न कितीही असो, हे सांगते. २००५ च्या कायद्याखाली संरक्षण अधिकारी अर्ज भरून देतो, आणि पहिली तारीख साधारण तीन दिवसांत लागावी असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात लागतीलच असं नाही, म्हणून सोबत जाते. समुपदेशनाला बोलावलं तर जायचं, पण तिथल्या कागदावर न वाचता सही करायची नाही.

आणि तिला परत जायचं असेल तर? जाऊ दे. तो तिचा निर्णय. फक्त तो माझ्या समजूत घालण्यातून आलेला नसावा.

आजीला मी जो प्रश्न विचारला होता, त्याचं उत्तर आता आहे. फिर्याद कुठे करायची ते कायद्यात लिहिलंय. पण कोर्टाची पायरी चढण्याआधी बाई बहुतेक वेळा आपल्यापैकी कुणाच्या तरी स्वयंपाकघरात येऊन बसते. तिसरा दरबार तिथेच भरतो. त्याचा निकाल आपल्या हातात आहे.